एका वर्गाचे अनेक गुरुजन

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त धंतोली, नागपूर येथें भरलेल्या शिक्षक व पालक यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मांडव आला, तोरणें आलीं, बँड आला, आणि मागील पिढ्यांचे गुणगान करणारीं भाषणेंही आलीं. तें सर्व यथास्थित चाललें आहे व त्यांत आम्हांसही आनंदच आहे. परंतु आजच्या सभेसाठीं विषय निवडावयाची वेळ आली, तेव्हां येथून जवळच झालेल्या एका निराळ्या महोत्सवाची आम्हांस आठवण झाली. वर्ध्याचें मारवाडी विद्यालय, जें नवभारत विद्यालय या नांवानें पुढें प्रसिद्ध झालें, त्याचा रौप्यमहोत्सव १९३७ सालीं होता. चालकांच्या मनांत आलें कीं, नुसते हारतुरे देण्याघेण्यापेक्षां देशाच्या शिक्षणाची चिंता वाहणारीं माणसें या निमित्तानें एकत्र बसवावीं. त्याप्रमाणें ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानीं होते. त्या परिषदेनें डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली आणि तिच्या योजनेंतून नयी तालीम उभी राहिली. आमची ऐपत तेवढी नाहीं, हें आम्ही जाणून आहों. पण सभेपुढें एखादा प्रश्न मांडावयास ऐपत लागत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच आहे: एका वर्गास सहा-सात जण शिकवितात, ते सहा-सात जण त्या वर्गाविषयीं एकमेकांशीं केव्हां बोलतात?

धर्मग्रामाच्या उत्सवांत शाळेचा विषय कां, असें कोणी म्हणेल, तर त्यानें तारखा पाहाव्या. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला. सदर भागांतील सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची आहे. धर्मप्रांताच्या सतरा वर्षें आधीं येथें फळा आणि खडू आले होते.

आतां प्रश्नाकडे वळूं. हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचला नाहीं. तो एका अपराधांतून सुचला. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका गांवीं, एका शाळेची व्यवस्था आमच्याकडे होती. सातव्या इयत्तेंत एक मुलगी होती. दर गुरुवारीं तिचा गृहपाठ अपुरा असे, आणि दर गुरुवारीं भाषेच्या बाई तिला वर्गाबाहेर उभी करीत. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या; तीनदां सांगून न ऐकणाऱ्या मुलीस चौथ्यानें काय करावें, याला त्यांच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता. गणिताच्या सरांना हीच मुलगी फार आवडे, कारण तोंडी हिशेबांत तिच्यापुढें वर्गांतील कोणाचें चालत नसे. एवढी चलाख पोर इतर विषयांत मागें कां, असा विचार त्यांच्या मनांत येई. परंतु तो विषय आपला नव्हे म्हणून ते गप्प राहत. धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरांना ठाऊक होतें कीं, घरीं आई अंथरुणाला खिळली आहे. आणि शाळेच्या शिपायास तर सगळेंच ठाऊक होतें. कारण बुधवारच्या बाजारांत तो तिच्याकडूनच भाजी घेत असे. आईच्या ऐवजीं ती दिवे लागून गेल्यावरही बाजारांत बसलेली असे. चौघांपाशीं चार तुकडे होते. ते कोणी जुळविले नाहींत.

वार्षिक परीक्षेपूर्वींच तिच्या वडिलांनीं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्या दिवशीं आमच्यापुढें सह्यांचे बरेच कागद होते. त्यांतच हाही होऊन गेला. कां, म्हणून आम्हीं विचारलें नाहीं. पुढें दोन-तीन वर्षांनीं त्याच बाजारांत आम्हीं मेथी घेतली. आम्ही नोट पुढें करतों न करतों तोंच भाजीवालीनें उरलेले पैसे मोजून हातावर ठेवले, व मग मान वर करून पाहिलें. "फादर, तुम्ही?" म्हणाली, आणि सांबाराची एक जुडी वरून पिशवींत घातली. तिचे पैसे कांहीं केल्या घेईना. शाळेविषयीं ती एक शब्द बोलली नाहीं. आम्हीही बोललों नाहीं.

यांत दोष कोणा एकाचा काढतां येत नाहीं, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. बाईंनीं आपलें काम केलें, सरांनीं आपलें केलें, सिस्टरांनीं आपलें केलें. ज्याचें काम झालें नाहीं तो व्यवस्थापक होता. या चौघांना आठवड्यांतून अर्धा तास एका बाकावर बसविणें हें त्याचें काम होतें.

आज आपण ज्या धंतोलींत बसलों आहों तेथें गल्लोगल्लीं रुग्णालयें आहेत, आणि धर्मगुरूच्या कर्तव्यामुळें आम्हांस त्यांतून वेळीं-अवेळीं जावें लागतें. तेथें रोग्याच्या खाटेशीं एक कागद असतो. ताप किती, औषध कोणतें, तें केव्हां दिलें, सर्व त्यावर असतें. रात्रपाळीची परिचारिका घरीं जाण्यापूर्वीं दिवसपाळीच्या परिचारिकेस एकेका खाटेपाशीं नेऊन हकीकत सांगते. डॉक्टर कितीही नांवाजलेला असो, तो कागद वाचल्याशिवाय तो औषध बदलीत नाहीं. शाळेंत पाळी दर पस्तीस-चाळीस मिनिटांनीं बदलते. घंटा होते, गुरुजी बाहेर पडतात, बाई आंत येतात, दारांत नमस्कार होतो, आणि पन्नास रोगी—क्षमा करा, पन्नास मुलें—एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात. हकीकत मात्र कोणी कोणास सांगत नाहीं.

सहकार्य हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. प्रत्येक परिपत्रकांत तो असतो, आणि प्रत्येक निरोपसमारंभांत तर असतोच. शिक्षकांच्या खोलींत भिशी बिनबोभाट चालते, वाढदिवसाचा केक कापला जातो, सहलीस सर्वजण मिळून जातात. म्हणून त्या शाळेंत सहकार्य आहे, असें आम्ही मानीत होतों. तसें नाहीं. गोडी ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु शिक्षकांचा संघ गोडीनें होत नाहीं. सर्वांपुढें एकच काम असेल व तें एकट्यानें पार पडणार नाहीं हें प्रत्येकास कळून चुकलें असेल, तेव्हां तो होतो. एकमेकांशीं फारसें न पटणारीं माणसेंही असें काम उत्तम करतात. आमच्या पाहण्यांत आहे.

वेळ कोठें आहे, असें शिक्षक विचारतात, आणि त्यांचें विचारणें रास्त आहे. निवडणुकीचें काम, जनगणनेचें काम, नाना तऱ्हेचीं माहितीपत्रकें भरण्याचें काम, यांतून फळ्यापुढें उभें राहण्यास जो वेळ उरतो तोच थोडा. परंतु व्यवस्थापकांनीं कायदाही वाचावा. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमास जें परिशिष्ट जोडलें आहे त्यांत शिक्षकाचे कामाचे तास आठवड्यास किमान ४५ सांगितले आहेत, आणि ते पूर्वतयारीच्या तासांसह सांगितले आहेत. म्हणजे तयारी हें काम आहे, हें कायद्यानें मानलें. आम्ही व्यवस्थापक मात्र अजून घंटाच मोजतों. रिकामा तास दिसला कीं गैरहजर शिक्षकाच्या जागीं त्यास पाठवितों, आणि वर सहकार्याचा उपदेश करतों.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट बोलून टाकतों, मग ती कोणास रुचो वा न रुचो. तासांच्या हिशेबानें तुटपुंजें मानधन घेणारे तरुण शिक्षक आज शाळाशाळांतून आहेत. पुढल्या जूनमध्यें आपण येथें असूं कीं नसूं, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें शाळा संपल्यावर फुकट थांबून संघभावना दाखवावी, अशी अपेक्षा धरणें हा अन्याय आहे. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं आपल्या परिपत्रांत न्याय्य वेतनाविषयीं जें सांगितलें तें केवळ गिरणीमालकांसाठीं नव्हतें. बैठकीचा तास हा मोबदल्याचा तास धरला पाहिजे. तेवढें देतां येत नसेल तर बैठक लहान करावी; परंतु ती फुकट करूं नये.

शिक्षकांनीं मिळून विचार करण्याची परंपरा आपल्या धर्मसभेंत नवी नाहीं. येशूसंघाच्या विद्यालयांसाठीं शिक्षणाची एकच पद्धति ठरवावी म्हणून संघाचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिवा यांनीं १५८४ सालीं निरनिराळ्या देशांतील सहा धर्मगुरूंस रोम येथें बसविलें. १५८६ मध्यें पहिला मसुदा झाला. तो आज्ञा म्हणून न पाठवितां अभिप्रायासाठीं प्रांतोप्रांतीं पाठविला. सूचना आल्या, हरकती आल्या, १५९१ मध्यें दुसरा मसुदा झाला, तोही पाठविला, आणि शेवटीं १५९९ सालीं 'रेशिओ स्टुडिओरम' कायम झाली. पंधरा वर्षें लागलीं. ज्या संघाचें आज्ञापालन जगांत प्रसिद्ध, त्यानेंही शिक्षकांच्या बाबतींत आधीं विचारलें व मग सांगितलें. आमच्यासारख्या एका रात्रींत वेळापत्रक लिहून सकाळीं भिंतीवर डकविणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

महाराष्ट्रांत शिक्षकांचा संघ म्हटला कीं पुण्याची आठवण होणारच. १८८० च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली. वामन शिवराम आपटे, महादेव बल्लाळ नामजोशी व गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज झालें. तिचे आजीव सभासद वीस वर्षें सेवेचें बंधन पतकरीत आणि वेतन अल्प घेत. शाळेचा मालक असा कोणी नव्हता, शिकविणारेच ती चालवीत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं तेथें गरजेप्रमाणें गणित शिकविलें, इंग्रजी शिकविलें, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविलें. 'हा विषय माझा नव्हे' या वाक्याला तेथें जागा नव्हती. आमच्या गणिताच्या सरांची आठवण आम्हांस येथें होते.

परंतु हा संघ फुटला, आणि तो कां फुटला हें आम्हांस त्याच्या उभारणीइतकेंच महत्त्वाचें वाटतें. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर काढले. असे हे दोघे सभासदांच्या बैठकींत मात्र एकत्र टिकले नाहींत. सामाजिक सुधारणेवरून मतें दुभंगलीं, हें सर्वश्रुत आहे. १८८८ सालीं आगरकरांनीं 'सुधारक' काढलें. पण संस्थेच्या आंत जो वाद पेटला तो अधिक घरगुती होता: वेतन वाढवावें कीं नाहीं, आणि सभासदानें बाहेरचीं कामें करावीं कीं नाहीं. टिळकांचा आग्रह येशूसंघीयांच्या धर्तीवरील संपूर्ण त्यागाचा होता. इतरांस प्रपंच होते. १८९० मध्यें टिळकांनीं राजीनामा दिला. शाळा कशी चालवावी याविषयीं त्यांच्यांत फारसा वाद नव्हता. संघांत यावें कसें, याचे नियम त्यांनीं चांगले केले होते. संघांत राहून भांडावें कसें, याचे केले नव्हते. तरीही संस्था राहिली. आपटे १८९२ मध्यें व आगरकर १८९५ मध्यें अकालीं गेले, तरी ती राहिली. कारण ती कोणा एकाची नव्हती.

प्रेषितांची कृत्यें वाचणाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. संत पौल व बर्णबा हे दोघे एका कामासाठीं निवडलेले. परंतु तरुण मार्कास बरोबर न्यावें कीं नाहीं यावरून त्यांचें इतकें बिनसलें कीं, एक सायप्रसला गेला व दुसरा सिरियाकडे. पवित्र शास्त्रानें तें लपविलेलें नाहीं. आणि पुढें तुरुंगांतून लिहितांना हाच पौल त्याच मार्कास बोलावून घ्या, तो उपयोगाचा आहे, असें कळवितो. एकेकाळीं ज्याला आपण निरुपयोगी ठरविलें, त्या सहकाऱ्याविषयीं पुन्हां असें म्हणावयास किती वर्षें लागलीं असतील! आमच्या शाळांतून एका गॅदरिंगच्या भांडणावरून दोन शिक्षक बारा बारा वर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि दोघेही रविवारीं मिस्सेला येतात.

वर्ध्याच्या योजनेचा पुढचा भागही सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मातींतला आहे. तिचें एक मुख्य अंग म्हणजे समवाय. मुलानें टकळीवर सूत काढावें, आणि त्या कामास धरूनच गणित, भाषा, भूगोल शिकावा. किती तार निघाले हें मोजतांना गणित आलें. कापूस काळ्या जमिनींत कां होतो हें विचारतांना भूगोल आला. हें ऐकावयास सोपें आहे. परंतु जेथें विषयवार शिक्षक आहेत तेथें आज टकळीवर काय झालें हें गणिताच्या शिक्षकास ठाऊक नसेल, तर समवाय कागदावरच राहील. बसावें लागतें, बोलावें लागतें. नयी तालीम पुढें देशभर कां रुजली नाहीं याचीं कारणें पुष्कळ आहेत. हें एक असावें, असें आमचें मत आहे. कोठारी आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, १९६६ च्या अहवालांत शेजारच्या शाळांनीं मिळून संकुल करावें असें सुचविलें. जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रप्रमुख व शिक्षण परिषदा आल्या त्या त्याच वळणाच्या. त्यांतील कांहीं चांगल्या होतात, कांहींत हजेरी व चहा होतो.

जपानांत एक जुनी रीत आहे. तिला तेथें 'जुग्यो केनक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. कांहीं शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. एक जण तो वर्गांत शिकवितो, बाकीचे मागें उभे राहून पाहतात. ते शिकविणाऱ्याकडे फारसे पाहत नाहींत, मुलांकडे पाहतात. कोण कोठें अडलें, कोणाची पेन्सिल केव्हां थांबली, हें टिपून घेतात. मग बसून पाठ सुधारतात. पाठ सर्वांचा, म्हणून चूक निघाली तरी ती कोणा एकाच्या पदरांत पडत नाहीं. आपल्याकडे दुसऱ्याच्या वर्गांत पाऊल टाकणारा एक तर तपासणीस असतो, नाहीं तर तक्रार घेऊन आलेला असतो. म्हणून दार वाजलें कीं शिक्षकाच्या पोटांत गोळा येतो. ही भीति मुख्याध्यापकांनीं आज्ञेनें घालवितां येणार नाहीं. त्यांनीं प्रथम स्वतःच्या वर्गाचें दार उघडावें, व नवशिक्या शिक्षकांस म्हणावें, या, आमचा पाठ पाहा, कोठें चुकतों तें सांगा.

ज्या शाळेची जबाबदारी आज आमच्याकडे आहे तेथें येत्या जूनपासून काय करावयाचें, हें मुख्याध्यापक व शिक्षक यांच्याशीं बोलून ठरविलें आहे. तें पालकांच्याही कानावर असावें. प्रभूनें शिष्यांस दोघां-दोघांनीं पाठविलें; सर्व बारा एकदम पाठविले नाहींत. म्हणून सगळ्या शिक्षकांची मोठी सभा आम्हीं योजिली नाहीं. एका वेळीं एकच वर्ग घ्यावयाचा, आणि त्या वर्गास शिकविणारेच बसावयाचे. शुक्रवारचा शेवटचा तास त्यासाठीं मोकळा केला आहे. तो कोठून आणला, असें विचाराल, तर आमच्या साप्ताहिक उपदेशाचे वीस मिनिट व सूचनांचे पंधरा मिनिट त्यांत गेले. मुलांची कांहीं तक्रार आलेली नाहीं. त्या वेळांत मुलें मैदानावर असतील व पालकांपैकीं दोघांनीं पाळीपाळीनें तेथें उभें राहावें, अशी आमची विनंती आहे. नांवें आजच द्यावीं.

एक वही राहील. प्रत्येक मुलास एक पान. त्यांत गुण लिहावयाचे नाहींत, शेरे लिहावयाचे नाहींत. पाहिलेलें तेवढें लिहावयाचें. 'आळशी' हा शेरा झाला. 'गुरुवारीं गृहपाठ नसतो' हें पाहिलेलें झालें. घरच्या अडचणी बोलण्यांत येतील त्या वहींत उतरवावयाच्या नाहींत व खोलीबाहेर न्यावयाच्या नाहींत; या बाबतींत आम्ही फार कडक राहूं. शिपाई व कारकून यांनाही महिन्यांतून एकदां बोलवावयाचें आहे. त्यांस यावर हसूं आलें. आम्हांस आलें नाहीं.

मतभेद होतील. ते झाल्यास दोन बैठका पुन्हां पुन्हां बोलावें, आणि तरी न मिटल्यास जो त्या वर्गास अधिक तास शिकवितो त्याच्या मतानें एक सत्र चालवून पाहावें, असा तूर्त नियम आहे. तो चुकीचा ठरला तर बदलूं. आमच्याकडे कोणी परस्पर तक्रार घेऊन येऊं नये. आलेली ऐकून घेतली जाणार नाहीं.

पहिली बैठक जुलैच्या पहिल्या शुक्रवारीं, सातव्या इयत्तेची. अध्यक्ष कोणी नाहीं. भाषेच्या बाई सुरुवात करतील. आम्ही येऊं, पण मागल्या बाकावर बसूं व विचारल्याशिवाय बोलणार नाहीं, असें मुख्याध्यापकांनीं आमच्याकडून कबूल करून घेतलें आहे. चहा धर्मग्रामाकडून.